डोळा चुकवून

लेकराला न सांगता निघून जाणं, याला आमच्याकडे माया म्हणतात. आई दारात येते, चप्पल काढत नाही, लेकरू माझ्या कडेवर देते आणि डोळ्याने खुणावते. मग मी म्हणायचं, "चल, आपण मनीमाऊ बघू," लेकराला मागच्या दारी न्यायचं आणि तेवढ्यात बाईने पाय न वाजवता सटकायचं. थोड्या वेळाने लेकरू वळून बघतं तर दारात कोणी नाही. मनीमाऊसुद्धा नाही. मग ते आईसाठी तर रडतंच, पण आपल्याला फसवलं म्हणूनही रडतं. अंबडमध्ये इतकी वर्षं पाळणाघर चालवल्यावर या दोन रडण्यांतला फरक माझ्या कानाला कळायला लागला होता.

म्हणून माझ्याकडे एक नियम होता. जाताना लेकराच्या तोंडाकडे बघून सांगायचं. मी कामाला जाते, तुझं जेवण होईल, झोप होईल, मग मी येते. लेकरू रडलं तर रडू द्यायचं. यावरून आया खवळायच्या. "उगं रडवता कशाला ताई, गपचिप गेलं की झालं." एकीची सासू तर भांडायलाच आली, कारण घरातून निघताना बाईने 'जाते' म्हणू नये. मी म्हटलं, "आजी, येते म्हणून गेलेली बाई संध्याकाळपर्यंत दिसत नाही, मग त्या लेकराने तुमच्या बोलण्यावर भरवसा कसा ठेवायचा?" आजीने गल्लीभर सांगितलं की ही बाई फटकळ आहे. ते खोटं नव्हतं. आमचे हे म्हणायचे, "अंबडला एक कोर्ट कमी पडत होतं, म्हणून तू घरात दुसरं काढलं."

पाळणाघर म्हणजे आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या आणि फरशीचं अंगण. मी डी.एड. झालेली, पण नोकरीची वाट बघून बघून कंटाळले आणि हे सुरू केलं. लेकरं असायची ती कोर्टातल्या, शाळेतल्या, दवाखान्यातल्या नोकरदार बायकांची. खेळणी थोडी होती आणि भिंतीवर चित्रंबित्रं नव्हती. रोजचं तेच ते मात्र पक्कं होतं. आल्यावर हातपाय धुणं. नळाला आठवडा-आठवडा पाणी नसलं तरी ड्रममधून तांब्याने घेऊन प्रत्येकाचे हातपाय धुवायचेच. मग मोसंबीच्या फोडी, बिया काढून. मग खेळ, मग वरणभात, मग शू, मग गोधड्या अंथरणं. प्रत्येकाची गोधडी त्याच्या आईच्या जुन्या साडीची असायची. उठल्यावर तोंड धुऊन दुधात कुस्करलेली भाकरी, मग केस विंचरणं आणि पावडर. पावडर लावून झाली की आया यायला लागायच्या.

लोकांना वाटायचं, यात काय आहे, धुणंपुसणं आणि भरवणं तर आहे. पण दोन वर्षांच्या लेकराला घड्याळ कळत नाही, त्याला एकामागून एक काय येतं ते कळतं. एकदा घरी पाहुणे आले म्हणून मी केस आधी विंचरले आणि दूधभाकरी नंतरसाठी ठेवली, तर सगळी लेकरं आपापल्या पिशव्या घेऊन दारात जाऊन उभी राहिली. आया काही येईनात. त्या दिवशी पाहुण्यांनी चहा स्वतः करून घेतला आणि मी दारात बसून लेकरांची समजूत काढत राहिले. दुसरं एक पथ्य होतं. लेकराच्या अंगाला न सांगता हात लावायचा नाही. आता चड्डी काढते, आता पाणी घालते, गार लागेल, आता दुसरा पाय दे. मग तान्हं असलं तरी ते पाय पुढे करतं. हे बघितल्याशिवाय कुणाला खरं वाटत नाही.

ज्याची ही गोष्ट, तो माझ्याकडे आला तेव्हा बसायला नुकता शिकला होता. आई कोर्टात लिपिक. बाप अंकुशनगरला साखर कारखान्यात, त्यामुळे गाळप सुरू झालं की तो घरी नावालाच. सासर तिकडे राजूरजवळ, शेतीवाडी, जनावरं, त्यामुळे सासूला इथे येऊन राहणं जमत नव्हतं. पहिल्याच दिवशी त्याची आई सगळ्यांसारखी सटकली. मी लेकरू काखेला मारून गल्लीच्या टोकापर्यंत तिच्या मागे गेले आणि हाताला धरून परत आणली. "सांगून जा," म्हटलं. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि लेकराआधी तीच रडायला लागली. असं बरेच दिवस चाललं. मग एक दिवस तिने सांगितलं, त्याने ऐकलं, थोडं रडला आणि माझ्या खांद्यावरून तिला जाताना शेवटपर्यंत बघत राहिला. त्यानंतर ते जमलंच. चालायला लागल्यावर तर तो स्वतःच हात हलवायचा आणि "आई काम" म्हणून खेळायला वळायचा.

त्याला एक शोध लागला होता. फणी फिरली की आई येते. म्हणून सकाळी आई गेली रे गेली की हा कोनाड्यातून फणी काढून आणायचा आणि माझ्याकडे पाठ करून बसायचा. मी म्हणायची, "अरे शहाण्या, अजून मोसंबी व्हायचीय, भात व्हायचाय." मग तो फणी परत ठेवायचा, आणि मोसंबी झाली की पुन्हा आणायचा. हे मी त्याच्या आईला सांगितलं तेव्हा ती हसली आणि पदराने डोळे पुसत बसली.

लेकरं मला मावशी म्हणायची, ती ताई म्हणायची. तसं सगळ्याच म्हणायच्या, पण ही कोर्ट सुटल्यावर माझ्या पायरीवर टेकायची, चहा घ्यायची, साहेबांच्या तऱ्हा सांगायची. सासरहून आली की हुरडा, शेंगा, हिरवी मिरची, काहीतरी आणायचीच. एकदा मी तापाने अंथरुणाला खिळले तर तिने रजा टाकली आणि दिवसभर माझं पाळणाघर सांभाळलं. मी आतल्या खोलीत पडून ऐकत होते. हातपाय, मोसंबी, भात, शू, गोधड्या, काही मागेपुढे झालं नाही. "आता पाणी घालते हं, गार लागंल," हेसुद्धा ती माझ्याच सुरात म्हणत होती. नवीन आई आली की माझ्याआधी हीच तिला दारात अडवायची. "डोळा चुकवून जाऊ नका बरं का. ताई म्हणतेत ते बराबर हाय. माझं लेकरू बघा." मला सख्खी बहीण नाही. माझं वय झाल्यावर हे घर हिच्या हाती द्यावं, असं माझ्या मनात यायला लागलं होतं.

तीन वर्षांची झाली की लेकरं माझ्याकडून शाळेत जातातच. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, आणि मी कुणाला कधी अडवलं नाही. फक्त त्यांना पाठवायची आमची एक रीत होती. शेवटच्या आठवड्यात मी त्या लेकराला रोज सांगायची की आता तुझी शाळा सुरू होणार, मग तू इथं यायचं नाहीस. शेवटच्या दिवशी आई मुरमुऱ्याचे लाडू करून आणायची, लेकरू ते सगळ्यांना हाताने वाटायचं, लहान्यांना पापा द्यायचं आणि मग जायचं. काही रडायची, काही लाडू खाण्यात दंग असायची. अशा किती पाठवण्यांना त्याची आई हजर होती. लाडू बांधायला गूळ किती पाकवायचा हे तिनेच मला शिकवलं.

तो तीन वर्षांचा व्हायला आला असताना एका संध्याकाळी ती म्हणाली, "ताई, चतुर्थी हाय, राजूरला गणपतीला जाऊन येतो. तसंच घरी दोन दिवस राहावं म्हणते. सोमवारी आणते याला."

"आण की," मी म्हटलं.

"गोधडी पण द्या. धुऊन आणते."

मी गोधडीची घडी घातली. तिने त्याचे जास्तीचे कपडे मागितले, स्टीलचा पेला मागितला. मी म्हटलं, "एवढं सगळं?" ती म्हणाली, "प्रवासात लागतंय ताई." आणि चपलेचा पट्टा नीट करायला खाली वाकली. मला काही वाटलं नाही. लेकरू घेऊन एस.टी.ने जायचं म्हणजे सामान लागतं. तो तिच्या कडेवरून मला म्हणाला, "मी गणपतीला जाऊन येतो." आमच्या नियमाप्रमाणे अगदी बराबर, तोंडाकडे बघून. मी म्हटलं, "ये."

सोमवारी तो आला नाही. फोन केला तर म्हणाली, ताप आलाय. पुढच्या वेळी म्हणाली, सासूबाई ठेवून घेऊन राह्यल्या. मग फोन वाजून वाजून थांबायला लागला. इकडे लेकरं विचारायची, तो कुठंय? मी सांगायची, राजूरला गेलाय, येईल. त्याच्यापेक्षा थोडी लहान एक मुलगी जेवताना रोज त्याची ताटली मांडायची. मीही तिला मांडू द्यायची, कारण माझ्या हिशोबाने तो येणारच होता. लेकराला खोटं सांगायचं नाही म्हणणारी मी, रोज सगळ्यांना खोटं सांगत होते आणि मला पत्ता नव्हता.

त्या ताटलीवरूनच ते बाहेर आलं. मुलीची आई शाळेत शिक्षिका. एक दिवस तिला लवकर सुट्टी होती, ती जेवणाच्या वेळी आली आणि मुलगी ती ताटली कुणासाठी मांडते म्हणून तिने विचारलं. मी सांगितलं.

"ताई, तुम्हाला माहीत न्हाई? त्याला जालना रोडच्या त्या नव्या प्ले स्कूलला घातलं की. पिवळ्या व्हॅननी जाऊन राह्यला. लई दिवस झाले."

"अंबडमध्येच हाय तो?"

"मंग कुठं जाईल? मी रोज बघते. ती व्हॅन आधी तुमच्या गल्लीतून जायची, आता बाजाराकडून फिरून जाती. त्याच्या आईनंच ड्रायव्हरला सांगितलं म्हणे, इकडून आणू नको म्हणून."

अशा वेळी बायका म्हणतात, मला फार वाईट वाटलं. मला राग आला. पातेलं आपटण्याइतका राग आला, पण लेकरं जेवत होती म्हणून ते हळू ठेवलं. शाळेत घातलं त्याचा राग नव्हता. शाळा चांगली असेल, वाईट असेल, आईबापांनी बघावं. पण जिने माझ्या दारात उभी राहून दुसऱ्या बायकांना शहाणपण शिकवलं, तिने मला मनीमाऊ दाखवून मागच्या दारी नेलं आणि ती सटकली. माझ्याच हाताने गोधडीची घडी घालून घेतली. आणि त्या लेकराला तर "जाऊन येतो" म्हणायला लावून नेलं.

संध्याकाळी आमच्या ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "लेकरू त्यांचं हाय. तुझं काय गेलं?"

"माझ्या बोलण्याची किंमत गेली. त्याला मी काय वाटत असंल आता?"

"तीन वर्षाच्या पोराला काय वाटायचंय? चार दिवसांनी विसरंल."

मी उठून भांडी घासायला गेले. त्यांची कोर्टाची थट्टाही त्या दिवसापासून मला ऐकवेना. तिचं घर आमच्यापासून काही लांब नव्हतं, चालत सहज जाता आलं असतं. पण मी गेले नाही. तिनं यायला पाहिजे होतं, मी का जाऊ, असं माझं म्हणणं होतं, आणि आजही ते चुकीचं वाटत नाही.

ती आली ती दिवाळीनंतरच्या एका रविवारी. दुपारची वेळ, लेकरं नव्हती. दारात उभी राहिली, चप्पल काढली नाही, ये म्हणायची वाट बघत थांबली. मी ये म्हटलं नाही. मग तिथूनच बोलायला लागली.

"ताई, लेकरू शू धरून ठेवतंय. शाळेत दिवसभर जात न्हाई. मॅडम चड्डीला हात लावायला गेल्या की किंचाळतंय. पोट दुखतंय म्हणून दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणतेत काही न्हाई. डबा तसाच परत येतोय. घरी मी बाथरूमला गेले तरी दार धरून उभं राहतंय. बिलकुल सोडीत न्हाई मला." मग म्हणाली, "एकदा येऊन जाता का? तुमचं ऐकतंय ते."

मी विचारलं, "त्याला माझ्याबद्दल काय सांगितलंस?"

ती चपलेचा पट्टा नीट करायला लागली.

"तो विचारत असंल ना, मावशीकडं का न्हाई जायचं म्हणून? काय सांगितलंस?"

"मावशी गावाला गेली म्हणून सांगितलं. घर बंद हाय म्हणलं."

"कधी येणार म्हणून?"

"येणार न्हाई म्हणलं." आता ती रडायला लागली होती. "एकदाच रडून मोकळं होईल असं वाटलं ताई. रोज रोज कुठवर समजवायचं?"

"अन् मला का सांगितलं न्हाईस?"

"तुम्हाला सांगायची हिंमत झाली न्हाई. तुम्ही थांबवलं असतं."

"मी कुणाला थांबवलं आजपर्यंत?"

मी उंबऱ्यात बसले. तोपर्यंत मला वाटत होतं की तिने मला फसवलं आणि लेकराला फसवलं. आता कळलं की लेकराच्या लेखी फसवणारी मीच होते. त्याला सोडून, न सांगता, घराला कुलूप लावून पळालेली. जी गोष्ट मी कुणाच्याही आईला करू दिली नाही, ती तिने माझ्या नावावर लावली होती.

तिच्यासाठी मी गेले नसते. पण ते पोट धरून बसणारं लेकरू मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं, आणि मी चप्पल घातली. तिच्या मागोमाग तिच्या घरी गेले.

तो बैठकीत कोपऱ्यात बसला होता. उंच झाला होता, केस बारीक कापले होते. मला बघून उठला, पण जवळ आला नाही. खुर्चीच्या मागे जाऊन उभा राहिला. मी खाली फरशीवर बसले. त्याला हाक मारली नाही, हात पुढे केला नाही. मग खुर्चीमागूनच त्याने विचारलं, "तू गावाला गेल्ती?"

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. न्हाई रे, मी इथंच होते, रोज तुझी ताटली मांडत होतो आम्ही. त्याला मी अडीच वर्षांत एक शब्द खोटा सांगितला नव्हता, इंजेक्शन दुखत नाही असंसुद्धा म्हटलं नव्हतं. पण त्याच्या मागे स्वयंपाकघराच्या दारात ती उभी होती, तोंडावरचा रंग उडालेली. मी खरं बोलले असते तर खोटी ती ठरली असती. आणि या लेकराला रोज सकाळी व्हॅनमध्ये बसायचं होतं ते तिच्याच शब्दावर. मावशी खोटी निघाली तर लेकरू त्यातून निघतं. आई खोटी निघाली तर त्याने कुणाकडे बघायचं?

"हो," मी म्हटलं. "गेल्ते."

"मला न सांगता?"

"हो. चुकलं माझं. तुला सांगायला पाहिजे होतं."

तो खुर्चीमागून बाहेर आला आणि माझ्या गुडघ्यावर मूठ मारली. मग दुसरी. मी मारू दिल्या. मग तो माझ्या मांडीला पाठ लावून बसला आणि मी त्याला शाळेचं विचारत राहिले. आधी काय असतं? प्रार्थना. मग? मग डबा. मग? मग झोपाळा. मी त्याची बोटं धरून सांगितलं, प्रार्थना, डबा, शू, झोपाळा, व्हॅन, मग आई. रोज असंच. शू आली की मॅडमला सांगायचं, आणि मॅडमला म्हणायचं, आधी सांगा, मग हात लावा. त्याने बोटं परत मोजली, शू वगळली, मी आठवण केली, मग बराबर मोजली. थोड्या वेळाने तो उठून स्वतःच बाथरूमकडे गेला आणि मला म्हणाला, "तू इथंच बस."

तेवढा वेळ मी तिची वाट बघत होते. मला वाटत होतं, आता ती येईल, माझ्याजवळ बसेल. लेकरू परत आलं की त्याला जवळ घेऊन म्हणेल, मावशी नव्हती रे गेली, माझं चुकलं. तिने म्हटलं असतं तर ते खपलं असतं. आईने स्वतः कबूल केलेलं लेकराला वेगळं ऐकू येतं, हे मीच तिला शिकवलं होतं. आणि एवढं नाही जमलं तर निदान मान खाली घालून गप्प राहील. तेवढ्यानेही मी तिला माफ केलं असतं.

ती चहाचे कप घेऊन आली. कप खाली ठेवले, बाथरूममधून आलेल्या लेकराला उचलून कडेवर घेतलं, त्याचा पापा घेतला. तिच्या चेहऱ्यावरचा रंग परत आला होता.

"बघ," ती त्याला म्हणाली, "मी सांगत नव्हते तुला? मावशीच गेल्ती. आई कधी जाती का न सांगता?"

त्याने मान हलवली. माझ्याकडे एकदा बघितलं, मग तिच्या गळ्यात हात टाकून खांद्यावर डोकं ठेवलं. त्याला तिचं सगळं पटलं होतं, आणि ते पटावं म्हणूनच मी खोटं बोलले होते. मी चहा घेतला नाही. उठले, त्याच्यासमोर उभी राहून त्याला म्हटलं, "मी आता घरी जाते." त्याने डोकं वर केलं नाही.